चांगूच्या ओट्यावरची लाइट

मिसरूड फुटायच्या आत येसाजी पोलादपूरकडच्या कुडपण गावचा माथा उतरून मुंबईला गेला, तो कायमचा परत आला साठी ओलांडल्यावर. मधली सगळी वर्षं मुलुंडच्या एका सोसायटीच्या फाटकाशी गेली. वॉचमनची नोकरी. गाड्यांना फाटक उघडायचं, पाण्याचा पंप लावायचा, दिवेलागणीला जिन्यातल्या लाइटी खालपासून वरपर्यंत लावत जायचं आणि उजाडलं की वरपासून खालपर्यंत बंद करत यायचं. सोसायटीतली पोरं त्याच्या डोळ्यांदेखत मोठी झाली, लग्नं होऊन गेली, पण त्याचं आडनाव त्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. बायको बयाबाई गावी नाचणी-वरी पिकवायची आणि एकुलत्या एक रितेशला वाढवायची. येसाजी शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा, पाहुण्यासारखा.

नोकरी सुटून तो गावी आला तोवर रितेश मुंबईला कामाला लागला होता. तिथंच त्याचं लग्न झालं, सून अनुपमा आली, नात सेजल झाली. येसाजी बयाबाईला म्हणायचा, "माणसं हिकडं व्हती तवा मी तिकडं. आता मी हिकडं, तर माणसं तिकडं."

"मी हाय ना," बयाबाई म्हणायची आणि भाकरी उलटायची.

ती होती तोवर खरंच काही उणं वाटलं नाही. पण एका उन्हाळ्यात ती तापाने फणफणली. पोलादपूरला नेलं, तिथून महाडला नेलं, आणि ती परत आली नाही.

तिच्यामागचा पहिला हिवाळा येसाजीला जड गेला. माथ्यावरची थंडी ती. खाली पायथ्याच्या कापडे गावात माणूस नुसत्या सदऱ्यावर हिंडत असतो, तेव्हा वर अंगणातलं गवत पहाटे दवाने पांढरं झालेलं असतं. शिवाय पिकं घरात आली की वाडी रिकामी होते. कुणाचा मुलगा विरारला, कुणाचा दिव्याला. म्हातारीकोतारीही थंडी काढायला त्यांच्याकडे जातात. निघताना सगळे चाव्या आणून येसाजीच्या हातात द्यायचे. "काका, तुमी हाय म्हणून काळजी नाय," असं म्हणायचे. त्या चाव्या त्याने खुंटीला एका ओळीत अडकवल्या होत्या. कुठली कुणाची ते त्याला हाताला कळायचं.

दरवर्षी एक घर तरी उघडं असायचं, ते समोरचं. चांगू त्याचा बालमित्र. दोघांचे ओटे समोरासमोर, मधे एक वाट. संध्याकाळी चांगू आपल्या ओट्यावर बसायचा, येसाजी आपल्या, आणि बोलणं वाटेवरून व्हायचं. त्या वर्षी दसऱ्याला चांगूचे गुडघे पार गेले. त्याचा मुलगा किशोर गाडी घेऊन आला आणि बापाला नालासोपाऱ्याला घेऊन गेला. गाडीत बसवताना चांगूने येसाजीचा हात धरला. किशोरने चावी दिली. वाडीत मग येसाजी उरला आणि पार खालच्या टोकाला त्याची चुलत वहिनी ठकूबाई. ती ऐंशीच्या पुढची. डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी कमी. ती तिच्या कोंबड्यांत आणि तो त्याच्या घरात.

दिवाळीला रितेश आला, त्याने बापाचा खोकला ऐकला आणि महाडहून हीटर आणून दिला. बटण दाबलं की दोन नळ्या लालबुंद व्हायच्या आणि बारीक गुणगुणायच्या. "आबा, अंगाला ऊब द्या. पैशाचं बघू नका," असं सांगून तो गेला.

येसाजीने पैशाचं बघितलं नाही. तिन्हीसांजेला हीटर लावायचा, त्याच्यासमोर पाट घेऊन बसायचं, तिथंच जेवायचं. ऊब तर होतीच, पण तेवढ्यावर भागत नव्हतं. त्या लाल उजेडाला आणि त्या गुणगुणीला घरात कुणीतरी असल्याचा भास होता. कधी तो त्याच्याशी बोलायचाही. आज भात करपला, असलं काहीतरी.

मग बिल आलं. मीटरला नंबर रितेशचा जोडलेला, म्हणून ते आधी मुंबईला पोचलं आणि तिथून फोन आला.

"आबा, लाइट बिल तीन हजारांच्या वर गेलंय. एरवी तीनशे येतं. काय लावून ठेवलं होतंत?"

"तूच दिलेला हीटर रे."

"तो झोपायच्या आधी तासभर लावायचा. युनिट वाढली की दरही चढत जातो." रितेश जरा थांबला. "मी भरतो. पण दर महिन्याला नाही जमणार, आबा. सेजलची फी आहे, इथलं भाडं आहे."

मागून अनुपमाचा आवाज आला, "असं काय बोलता? त्यांना थंडी वाजत असेल." रितेश तिला म्हणाला, "मी कुठं नको म्हणतोय?" फोन बंद झाला तरी येसाजी तो कानाशी धरून उभा होता. पोराचं चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. रागवावं असं त्यात काहीच नव्हतं.

त्या दिवशी त्याने हीटर पुसला, खोक्यात घातला आणि माळ्यावर टाकला. थंडीशी झगडायच्या जुन्या रीती त्याला ठाऊक होत्याच. बयाबाईच्या हातची गोधडी काढली, तिच्यावर घोंगडी घेतली. अंघोळ सकाळची उन्हं चढल्यावर, बंबात काटक्या घालून. जेवण उजेड असतानाच. दाराच्या फटीत पोत्याचे बोळे कोंबले. शरीर त्याला सरावलं. पण संध्याकाळ सरेना. दिवेलागण झाली की घरात एक बल्ब, आणि दाराबाहेर काळोखाची भिंत. समोर चांगूचं घर असायचं तिथं तर काळोख जास्तच दाट वाटायचा.

एके संध्याकाळी तो ओट्यावर उभा होता. हात आपसूक खुंटीकडे गेला. त्याने चांगूची चावी काढली, वाट ओलांडली, कुलूप उघडलं आणि ओट्यावरची लाइट लावली. कुलूप पुन्हा लावून तो आपल्या ओट्यावर येऊन बसला. समोर चांगूची आरामखुर्ची, भिंतीशी ठेवलेला चेपलेला टोप, दाराला लावलेलं आंब्याचं वाळकं तोरण, सगळं पिवळ्या उजेडात दिसायला लागलं. चांगू आत पाणी प्यायला गेलाय आणि आता येईल, असं वाटण्याजोगं. येसाजीला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

झोपायच्या आधी तो जाऊन लाइट बंद करून आला. एका बल्बाला असं काय लागतंय, हा हिशेब त्याने मनाशी केला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. आठवड्याभराने वरच्या अंगाला असलेल्या रामाच्या घराची लावली. मग खाली वळणावर आणखी एका घराची. आता संध्याकाळ झाली की त्याला काम असायचं. चाव्या घेऊन खालून वर जायचं, आणि निजायच्या वेळी वरून खाली यायचं. परतताना मागे वळून पाहिलं की वाडीत माणसं असल्यासारखी दिसायची.

त्या घरांचीही बिलं येत होती. बंद घराचं बिल म्हणजे नुसतं मीटरभाडं, वापर शून्य. त्या महिन्यात तिन्ही घरांना वापर दिसला. वाडीच्या मुंबईकरांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात बोलणं सुरू झालं. येसाजी ग्रुपमध्ये होता, पण त्याला वाचायला वेळ लागायचा. आधी किशोरचा फोनच आला.

"काका, आपल्या वाडीत कोण तरी करंट चोरतंय."

येसाजीने चाव्यांच्या खुंटीकडे पाहिलं. "काय म्हणतोस?"

"माझ्याकडं युनिट दाखवलीत. रामाकाकाकडं पण. पैसे जास्त नाय ओ, पन्नासेक रुपयांचा फरक. पण बंद घरात वापर होतो म्हणजे काय? मला वाटतं काशीरामचं काम हाय. फिटिंग त्यानंच केलंय सगळ्यांचं. कुठून तरी वायर टाकून ठेवली असंल."

काशीराम म्हणजे कापड्याचा वायरमन. माथ्यावरच्या कुणाच्याही घरचा बल्ब गेला तरी मोटारसायकल घेऊन चढून येणारा. बयाबाईच्या दिवसकार्याला मंडपातली लाइट त्यानेच जोडली होती आणि पैसे घेतले नव्हते.

"काशीराम तसा नाय," येसाजी म्हणाला.

"कोण कसा ते सांगता येतंय का काका? तुमी जरा लक्ष ठेवा. तुमच्या जिवावर तर घर हाय."

हीच वेळ होती सांगायची. येसाजीने तोंड उघडलंही. पण इतकी वर्षं त्याने दुसऱ्यांच्या घरांची राखण केली होती, आणि त्याच्या फाटकातून कधी सुईसुद्धा गेली नव्हती. मी चोर आहे, हे वाक्य त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. "बरं, ठेवतो लक्ष," एवढंच तो म्हणाला.

चार संध्याकाळी त्याने लाइटी लावल्या नाहीत. पाचव्या दिवशी फक्त चांगूची लावली. लावताना इकडेतिकडे पाहिलं, आणि आपण असे पाहतो आहोत हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली.

ग्रुपमध्ये तोवर काशीरामचं नाव उघड झालं होतं. एकाने नव्या घराचं फिटिंग त्याला द्यायचं ठरवलं होतं, ते महाडच्या माणसाला दिलं. काशीरामच्या ते कानावर गेलं. त्याने किशोरला फोन करून सांगितलं, "तू स्वतः ये. तुझ्यासमोर सगळं उघडून दाखवतो." आणि रविवारी दोघं वर आले. किशोर मुंबईहून, काशीराम कापड्याहून.

येसाजीने त्यांना पाणी दिलं, चहा टाकला. काशीराम चहाला थांबला नाही. शिडी लावून त्याने चांगूच्या घराचं मीटर उघडलं, खांबापासून आलेली वायर बोट फिरवत तपासली, पत्र्याखाली डोकं घालून पाहिलं. खाली किशोर हाताची घडी घालून उभा होता.

"बघ, कुठं जोड हाय का? हूक हाय का?" काशीराम वरून म्हणाला. "लाइट आतूनच लागलीय. बटण दाबून. चावी कुणाकडं हाय ते विचार."

किशोर येसाजीकडे वळला. तो विचारणार नव्हता, नुसता बघत होता. ओट्यावर चहाची किटली घेऊन उभा असलेल्या येसाजीने ती खाली ठेवली.

"मीच लावतो," तो म्हणाला. "तिन्ही घरांची. काशीरामचा काय संबंध नाय."

काशीराम शिडीवरून सावकाश उतरला.

"कशाला काका?" किशोरने विचारलं. "तुमच्याकडची लाइट गेली व्हती का?"

"नाय."

"मग?"

"समोर उजेड दिसला की बरं वाटायचं," येसाजी म्हणाला. "चांगू बसायचा ना तिथं."

किशोरने मान खाली घातली. चपलेने मातीतला एक खडा उकरला. काशीराम हत्यारं पिशवीत भरत होता. भरून झाल्यावर तो येसाजीजवळ आला.

"काका, मला एक फोन केला असता तरी चाललं असतं. मी कुणाला बोललो नसतो. माझं काम गेलं त्यात."

"चुकलं माझं," येसाजी म्हणाला. ते पुरेसं नाही हे दोघांनाही कळत होतं. काशीरामने मोटारसायकलला किक मारली. वळणापलीकडून बराच वेळ तिचा आवाज येत राहिला.

किशोर मागे थांबला, चहा प्यायला. बापाची खुशाली त्याने सांगितली. चांगू दिवसभर गॅलरीत बसतो, समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत. जाताना तो म्हणाला, "काका, राग मानू नका. पण उद्या कुठं शॉर्ट झालं, आग लागली, तर बंद घरात कळायचं पण नाय." आणि त्याने तिन्ही घरांच्या मीटरजवळचे फ्यूजचे कटआऊट काढून ज्याच्या त्याच्या घरातल्या फळीवर ठेवले. चाव्या मात्र मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर येसाजीला सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी येसाजीने ग्रुपवर बोलून पाठवलं. टाईप करणं त्याला जमत नव्हतं. "मी येसाजी बोलतो. लाइटी मी लावत होतो. काशीरामनं काय केलेलं नाय. त्याचं काम त्याला द्या. झालेल्या बिलाचे पैसे माझ्याकडनं घ्या." उत्तरादाखल जोडलेल्या हातांची चित्रं आली, एकाने हसरा चेहरा टाकला. पैसे कुणी मागितले नाहीत. फोनही कुणी केला नाही.

फोन रितेशने केला. "आबा, हे काय ऐकतोय मी? करमत नव्हतं तर सांगायचं होतंत."

"काय सांगायचं?"

"इकडे या थोडे दिवस," रितेश म्हणाला. दोन खोल्यांत चौथं माणूस कुठं झोपणार, ते दोघांनाही माहीत होतं. "बघू, शिमगा झाल्यावर," येसाजी म्हणाला.

दोन दिवसांनी तो खालच्या विहिरीवर निघाला होता. उन्हं कलली होती. ठकूबाई पडवीत बसून कोंबड्यांना कण्या टाकत होती. पावलांचा अंदाज घेऊन तिने हाक मारली.

"कोन, भावजी का?"

"मीच वयनी." तो जवळ जाऊन मोठ्याने बोलला.

"चांगूकडली मान्सं गेली काय परत?"

येसाजीला उमजेना. "कोन मान्सं?"

"आली व्हती ना थंडीची. मला नीट दिसत नाय, पर उजेड कळतो. चांगूकडं व्हता, वर रामाकडं व्हता. म्या म्हनलं, बरं झालं, वाडी भरली. रामाकडला आधीच गेला, नि आता दोन दिस झाले, चांगूकडं पन काळोख हाय." ती थोडी थांबली. "येऊन गेली नि एकजन पन भेटाया आला नाय. म्हातारीकडं कोन येतंय म्हना."

येसाजी कळशी घेऊन तसाच उभा राहिला. या बाईकडे आपण गेल्या महिन्याभरात एकदाही डोकावलो नाही, हे त्याला तेव्हा आठवलं. सगळ्या वाडीत माणूस म्हणून तीच होती, आणि तो रिकाम्या घरांतून फिरत होता.

खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, खरं कळून तिला काय मिळणार?

"घाईत व्हती," तो म्हणाला. "कामावर जायचं व्हतं त्यांना. तुमची आठवन काढत व्हती पन."

"काढत व्हती?" ठकूबाईचा चेहरा खुलला. "चांगूची आई नि मी एका दिशी या वाडीत नवऱ्या म्हनून आलो."

पाणी भरून परतताना त्याने पाहिलं, तिच्या चुलीशी दोन शेणी आणि मूठभर काटक्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो लाकडांचा एक भारा घेऊन गेला. ती म्हणाली, एवढं एकटीला कशाला, हिकडंच शेका. मग रोज तिन्हीसांजेला तो आपलं दार ओढून घेऊन खाली जाऊ लागला. लाकूड त्याचं, चूल तिची. ती नाचणीची भाकरी थापायची, तो मिरची भाजायचा. बोलणं फार होत नसे, कारण प्रत्येक वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागे. कधी ती बयाबाईचं काही सांगायची, येसाजी मुंबईत असतानाचं, त्याला ठाऊक नसलेलं. बयाबाई पावसात एकदा घसरून पडली होती आणि महिनाभर लंगडत होती. नवऱ्याला कळवू नका, तिकडं जीव टांगणीला लागेल, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. येसाजी ऐकून घ्यायचा आणि जाळ सारायचा.

पुढच्या महिन्यात रितेशचा फोन आला. "आबा, बिल एकदम कमी आलंय. दोनशेच्या आत. छान केलंत." येसाजी म्हणाला, "हो."

शिमग्याला वाडी भरली. गाड्या आल्या, पोरं आली, पालखी नाचली. किशोर आला, पण चांगूला आणणं जमलं नव्हतं. पालखी ठकूबाईच्या अंगणात आली तेव्हा तिने आवाजावरून किशोरला ओळखलं आणि त्याचा दंड धरला.

"काय रे, थंडीचे आलात नि न भेटता गेलात? म्हातारी मेली का जिती, बघाया नको?"

किशोर गोंधळला. त्याने येसाजीकडे पाहिलं. येसाजी पालखीच्या मागे, गर्दीत उभा होता. त्याने काहीच खूण केली नाही. क्षणभराने किशोर वाकला आणि म्हातारीच्या पाया पडला.

"चुकलं आजी," तो म्हणाला. "घाईत व्हतो."

काशीरामही आला होता, देवळापुढची लाइट जोडायला. वाडीचं काम त्याच्याकडे परत आलं होतं. येसाजीने त्याला नारळाचा तुकडा दिला, त्याने तो घेतला. पण पूर्वीसारखा ओट्यावर टेकला नाही.

माणसं गेल्यावर, आठवड्याभराने ठकूबाईची मुलगी ललिता महाडजवळच्या नाते गावाहून रिक्षा करून आली. महाडला डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर आई तिच्याकडेच राहणार होती. ठकूबाई कुरकुरत, कपड्यांचं गाठोडं उराशी धरून रिक्षात बसली.

"भावजी, कोंबड्यांचं बघाल ना? काळी खुडूक हाय, तिला हुसकावू नका. नि रानमांजर येतं, येळेवर झाका."

"बघतो वयनी."

"दिसाया लागलं म्हंजे येते मी," ती म्हणाली. ललिताने आईच्या पायांवर लुगडं सारखं केलं.

रिक्षा वळणाआड गेल्यावर येसाजी तिच्या पडवीत आला. कोंबड्या अंगणात विखुरल्या होत्या. त्याने सुपातल्या कण्या मुठीत घेतल्या आणि ठकूबाई घालायची तशी हाक घालून पाहिली. पहिल्यांदा एकही आली नाही. त्याने पुन्हा हाक घातली, आणि त्या एकेक करून, मान वाकडी करत, अंतर राखून जवळ येऊ लागल्या. काळी तेवढी टोपलीत बसून राहिली. येसाजीने चार कण्या तिच्यापुढे टाकल्या आणि सूर्य डोंगराआड जाईपर्यंत तो तिथंच पायरीवर बसून राहिला, मग उठून खुराड्याला फळी लावली.